आदिकरावाचं राज्य आणि आमच्या अक्का

“राजेश्वरी, जरा आमटीकडं बघ गं. माझी माणसं पुलापल्याड अडकल्यात.”

एवढं बोलून माझ्या थोरल्या जाऊबाई पदराला हात पुसत जिना उतरून गेल्यासुद्धा. मी नुकतीच सकाळची शाळा उरकून आले होते, पर्स अजून खांद्यालाच होती. माझ्यासाठी परत गरम करायला ठेवलेली आमटी उतू जायच्या बेतात होती. मी गॅस बारीक केला आणि विचारात पडले. मिरजेत पूल म्हटला की मला कृष्णा घाट आठवतो. तिकडं आमचं कुणीच नव्हतं. मग अक्कांची कुठली माणसं कुठं अडकली?

आमटी उतरवून मी खाली गेले. खाली म्हणजे दादांच्या क्लासमध्ये.

दादा म्हणजे माझे थोरले दीर, दादासो. स्टेशनच्या रस्त्याला आमचं दुमजली घर. वर आम्ही दोन्ही भावांची कुटुंबं राहायचो आणि खाली दादांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. माझं लग्न होऊन मी साताऱ्याहून इथं आले तेव्हा पहिले काही दिवस मला त्या खडखडाटानं दुपारची झोप लागायची नाही. पुढं खडखड थांबली की जाग यायला लागली. मग कॉम्प्युटरचे दिवस आले. टायपिंगला येणारी पोरं दारातूनच विचारायची, “सर, कॉम्प्युटर शिकवता का?” दादांनी वर्षभर मान हलवून बघितली आणि शेवटी सत्त्याण्णवच्या दसऱ्याला चार कॉम्प्युटर आणले, त्यातला एकच रंगीत पडद्याचा. चपला बाहेर काढायचा नियम झाला. अक्कांनी जुन्या इरकली साड्यांची कव्हरं शिवली. क्लास बंद असला की ते चार मॉनिटर हळदीकुंकवाला आलेल्या बायांसारखे ओळीनं बसलेले दिसायचे. भिंतीवर दादांनी स्वतःच्या हातानं लाल रंगात पाटी रंगवली होती: ‘येथे गेम खेळू नये. आढळल्यास प्रवेश रद्द.’

त्या पाटीखालीच अक्का बसल्या होत्या. रंगीत पडद्याच्या कॉम्प्युटरवरचं इरकली कव्हर बाजूला काढून ठेवलेलं. पडद्यावर एक नदी, नदीवर लाकडी पूल, पुलाच्या अलीकडं झोपड्या आणि शेतं, पलीकडं हाताच्या नखाएवढी सात-आठ माणसं. अक्कांची नजर त्यांच्यावर खिळलेली.

“अक्का, हे काय?”

“हळू बोल. वर तुझे दादा झोपल्यात, उठतील.” त्यांनी मान न वळवता सांगितलं. “ह्यो राजाचा पोरगा हाय. ह्याचं राज्य प्रधानानं बळकावलंय. बिचारा रानात लपलाय आनि पुलावर प्रधानाची माणसं बसल्यात. आता बोलू नगं.”

अक्कांचं नाव विजयमाला. माहेर कुंडलचं. वडील नाथाजी फौजेत हवालदार होते, घरी उसाची शेती. अक्कांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं आणि मग लग्न. पण वाचायची हौस अशी, की भज्यांना गुंडाळून आलेला कागदसुद्धा त्या उलगडून वाचायच्या आणि गोष्ट अर्धी असली तर अख्खा दिवस हळहळायच्या. माणसांच्या बाबतीतही तेच. दारात बोहारीण आली तरी तिच्या सुनेचं पुढं काय झालं हे विचारल्याशिवाय अक्का तिला सोडायच्या नाहीत. “मग? फुडं?” हे त्यांचे आवडते शब्द.

दुपारी दादा जेवून वर झोपायचे. प्रवेशाची चौकशी करायला कुणी आलंच तर असावं म्हणून अक्का खाली बसायच्या, गहू निवडत नाहीतर पेपर वाचत. सांगलीचा शौनक नावाचा इंजिनिअर आमचे कॉम्प्युटर बसवायला आला होता. रंग आणि आवाज दाखवायला म्हणून त्यानं एका खेळाची सीडी लावली होती आणि ती मशिनीतच राहून गेली. एका दुपारी अक्का धूळ पुसत असताना माऊसला धक्का लागला, कुठंतरी क्लिक झालं आणि पडद्यावर एक जळता राजवाडा दिसला. एक तरुण पोरगा घोड्यावरून पळत होता.

“त्यो का पळतुया, एवढंच बघायचं हुतं मला,” त्या मला म्हणाल्या. “त्यातनं हे सगळं झालं.”

अडचण एकच होती. प्रत्येक मोहिमेच्या आधी पडद्यावर इंग्रजीत मजकूर यायचा आणि एक जाड आवाज तो वाचून दाखवायचा. अक्कांना अर्धंमुर्धं कळायचं. मी शाळामास्तरीण, म्हणून माझी वाचकाच्या जागेवर नेमणूक झाली. त्या दिवशीच आमचा करार ठरला: इंग्रजी मी वाचायचं, लढायचं अक्कांनी, आणि वर दादांना कळू द्यायचं नाही.

खेळाचं नाव लांबलचक होतं; घरात आम्ही त्याला नुसतं ‘राज्य’ म्हणायचो. राजपुत्राचं नाव एड्रिक. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्याचा आदिकराव करून टाकला. प्रधान हेल्डन, त्याचा झाला हळद्या. ज्या इमारतीतून सैनिक तयार होऊन बाहेर पडायचे ती तालीम. गावाच्या मधली मोठी इमारत ती चावडी. नकाशाचा न पाहिलेला भाग काळा असायचा, आपलं माणूस जाईल तिथला काळोख फिटायचा. आधी गडी लावून लाकूड तोडायचं, शेत पेरायचं, खाणीतून सोनं काढायचं, त्यातून तालीम बांधायची आणि मग शिपाई उभे करायचे. आणि हे सगळं चालू असताना शत्रू काही तुमची वाट बघत थांबायचा नाही, तोही तिकडं आपलं गाव वाढवत असायचा.

घर चालवलेल्या बाईला यातलं काही नवीन नव्हतं. एकीकडं कुकर, एकीकडं दूधवाला, तेवढ्यात कुणी पाहुणा. अक्का म्हणायच्या, “रिकामा गडी दिसला की माझ्या डोळ्यात खुपतो.” अवघड गेला तो माऊस. सुरुवातीला त्या तो इस्त्रीसारखा दाबून फिरवायच्या. वीज जायची तेव्हा जास्त पंचाईत. एकदा दुपारभर बांधलेलं गाव क्षणात नाहीसं झालं, तेव्हा त्या अंधाऱ्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, “पुरात बी इतकं जात न्हाई.” त्यानंतर त्या दर थोड्या वेळानं खेळ जतन करायला शिकल्या.

पण त्यांना खरी ओढ लढाईची नव्हतीच. प्रत्येक मोहिमेत गोष्ट पुढं सरकायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी निराळं करायला लागायचं. एका मोहिमेत गाव नाही, शेत नाही, फक्त आदिकराव आणि चार सोबती. चोरपावलांनी डोंगर ओलांडायचा. एकीत किल्ला आधीच आपल्या हातात, पण मदत येईपर्यंत तो टिकवायचा. एकीत ज्या सरदाराच्या भरवशावर आपण निम्मी मोहीम लढलो तोच मध्यात उलटला. त्या दिवशी अक्का माऊस सोडून उभ्याच राहिल्या.

“मेल्या! परवाच तुला सोनं दिलं की रं मी!”

मे महिन्यात शौनक मशीन दुरुस्तीला आला. अक्कांनी त्याला विश्वासात घेतलं. तो खूश झाला, पण म्हणाला, “वहिनी, असं एकट्यानं काय खेळता? खरी मजा दोन कॉम्प्युटर जोडून. माझ्याशी खेळा.” त्यानं केबल जोडली. अक्का शेतं पेरत होत्या तोवर शौनकचे घोडेस्वार गावात घुसले. चावडी पेटली.

“संपलं?” अक्कांनी विचारलं.

“हरलात, वहिनी.”

“बरं. मग फुडं?”

“पुढं काही नाही. परत पहिल्यापासून.”

“असं कसं? आदिकरावाचं राज्य गेलंय म्हणून मी लढती. तुझं काय गेलंय? तू कशापायी माझं गाव पेटवलंस?”

शौनकनं केबल गुंडाळून ठेवली. पण मुलगा दिलदार होता. पुढच्या खेपेला त्यानं ‘गोष्टवाले’ म्हणून आणखी तीन खेळ आणून दिले. अक्कांनी ते कपडा पारखावा तसे पारखले. रणगाड्यांच्या खेळात मोहिमेच्या आधी खराखुरा माणूस अधिकाऱ्याच्या वेशात येऊन बोलायचा. त्याच्याबद्दल त्यांचं मत, “ह्यो साहेब लय खोटं बोलतुया, पन त्याच्या पोटात काय हाय ते बघायला तरी खेळावं.” परग्रहावरच्या खेळात लढाया झकास, पण माणसांपेक्षा किड्यांचीच कीव येते असं त्या म्हणाल्या, आणि म्हणून तो परत न देता ठेवून घेतला, पुन्हा खेळायला. तिसऱ्यात नुसते एकामागून एक नकाशे होते, कोण कुणाशी का लढतंय याचा पत्ता नाही. तो दुसऱ्या दिवशी परत गेला.

आणि त्याच सुमाराला नाथाजीआबा आले.

आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेच्या दवाखान्यात झालं आणि विश्रांतीला ते लेकीकडं राहिले. उंच, ताठ, मिशा पांढऱ्याशुभ्र, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पहिल्या दुपारी आम्ही दोघी खाली गेलो तसे तेही काठी टेकत आले आणि अक्कांच्या मागं खुर्ची ओढून बसले.

“आबा, डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा न्हाई म्हणून सांगितलंय.”

“वाचायचं न्हाई म्हनले. लढाईचं काय बोलले न्हाईत.”

मग त्यांच्या सूचना सुरू झाल्या. डाव्या अंगाला गस्त ठेव. सगळे जवान एका ठिकाणी गोळा करू नकोस. पाण्याजवळ पहारा कुठाय? निम्म्या सूचना चांगल्या होत्या आणि निम्म्यांनी आमची लाकडाची वखार जळाली. बापलेकीचं भांडण इतकं चढायचं की मला वरच्या जिन्याकडं लक्ष ठेवावं लागायचं.

एका मोहिमेत आदिकराव गावकऱ्यांना घेऊन पळत असतो आणि हळद्याचं सैन्य मागं लागलेलं असतं. बायका-पोरं, गाड्या, सगळे नदीच्या उतारावरून पार व्हायला वेळ लागतो. अक्कांनी सोपा उपाय काढला. तीन तिरंदाज मागच्या टेकडीवर ठेवले. ते शत्रूला थोडा वेळ अडवायचे आणि मरायचे, तोवर बाकीचे पार. मोहीम फत्ते झाली. पडद्यावर तुतारी वाजली. अक्का खूश होऊन मागं वळल्या.

आबा अजून पडद्याकडंच बघत होते. मग म्हणाले, “त्या तिघांचं काय?”

“कुठल्या तिघांचं?”

“टेकडीवरल्या.”

“आबा, ती चित्रं हायत.”

“चित्रं हायत ते मला एका डोळ्यानं बी दिसतंय. माघारी बोलव त्यास्नी.”

अक्का हसल्या, पण आबा हसले नाहीत. मग त्यांनी जतन केलेली लढाई पुन्हा लावली. तिघांना वेळेत मागं घ्यायचं तर गावकरी पार व्हायच्या आतच शत्रू गाठायचा. तिघांना ठेवायचं तर ते जाणार. अक्कांनी वेगवेगळ्या तऱ्हा करून बघितल्या. तो दिवस गेला, दुसराही गेला. शेवटी त्यांनी गडी पुढं पाठवून उताराच्या अलीकडं आडवा बुरूज बांधला, गाड्या आधी काढल्या आणि तिरंदाजांना एकेक करून बुरुजाच्या आड मागं घेतलं. सगळ्यात शेवटी ते तिघे पाण्यात उतरले तेव्हा मीही श्वास रोखून बसले होते. तिघेही पार झाले.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. “आता झाली ड्युटी पुरी,” ते म्हणाले. थोड्या वेळानं, माझ्याकडं बघत, “पलटणीत असताना मला बी एकदा असंच कुनीतरी माघारी बोलावलं हुतं. न्हाईतर ही माला झाली नसती.” आणि मग चहा मागितला.

अक्का चहा टाकायला वर गेल्या. त्यानंतर त्यांचा खेळायचा रिवाज बदलला. मोहीम जिंकली आणि माणसं फार गेली, तर ती त्यांच्या लेखी जिंकलेली नसायची.

तोवर पापडांचे दिवस आले होते. आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका जमायच्या. पोळपाटं, उडदाचं पीठ, तेलाची वाटी. अक्कांनी लाटता लाटता सहज सुरुवात केली, “एक राजाचा पोरगा हुता, आदिकराव.” पापडांची चळत वाढत गेली तशी गोष्टही. सरदार उलटला तिथं अक्का थांबल्या, तेव्हा शेजारच्या बनुबाईंनी लाटणं खाली ठेवलं. बनुबाई सगळ्यांत वयस्कर, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारख्या.

“थांबतीस काय? फुडं काय झालं?”

“फुडचं अजून मलाच ठावं न्हाई, बनुमावशी. उद्या दुपारी कळंल.”

“म्हंजे?”

मग सांगावंच लागलं. दुसऱ्या दुपारी बनुबाई चपला बाहेर काढून क्लासमध्ये हजर. तिसऱ्या दुपारी आणखी काही जणी आल्या, पोळपाटांसकट, कारण पापडही व्हायला हवे होते. मी इंग्रजी वाचायची, त्याचं मराठी करायची, अक्का लढायच्या, बायका लाटायच्या. हळद्याचं सैन्य दिसलं की लाटणी थांबायची. आबा हिरवी पट्टी सावरत परिस्थिती समजावून सांगायचे.

आणि मग ते झालं. शेवटच्या मोहिमेला आम्ही पोचलो होतो. अक्कांना वर कुणीतरी हाक मारली म्हणून त्या गेल्या. जाताना त्यांनी सीडी बाहेर काढून टेबलावर ठेवली, कारण दादांची उठायची वेळ होत आली होती. परत आल्या तर सीडी टेबलावर नाही. बनुबाई मागच्या मोरीतून हसत येत होत्या, हातात ओली, चकाकणारी सीडी.

“कसली तेलकट झाली हुती गं! पापडाच्या हातांचे सगळे ठसे. राख लावून काथ्यानं घासली बघ. आरशागत लख्ख!”

आरशागत लख्ख होती खरी. दुसऱ्या बाजूला मात्र काथ्यानं गोल गोल रेघा काढल्या होत्या. मशिनीत घातली तर आतून जातं फिरावं तसा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. बनुबाईंना काय झालं ते कळलं, तशा त्या मटकन खालीच बसल्या. “माझ्या हातानं राज्य बुडालं की गं!”

अक्कांना मनातून वाईट वाटलंच असणार, पण बनुबाईंचा चेहरा बघून त्यांना हसू फुटलं. एकीचं बघून दुसरी, असं सगळा क्लास हसायला लागला. त्या हसण्यानंच दादा उठले.

दादा दारात आले. समोर उघडा कॉम्प्युटर, गल्लीतल्या बायका, टेबलावर वाळत घातलेले पापड, सासरे डोळ्यावर पट्टी लावून खुर्चीत, आणि वर भिंतीवर त्यांच्याच हातची लाल पाटी. बायकांनी लाटणी खाली ठेवली. शेवटी अक्कांनीच तोंड उघडलं.

“आवं, चूक माझी हाय. मी गेम खेळत हुती. सीडी खराब झाली. शौनकला फोन करून दुसरी मागवाय पायजे.”

दादांनी ती सीडी हातात घेतली, उलटी-पालटी करून बघितली. चेहरा गंभीर. मग खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे माझं पण गेलं की.”

“तुमचं काय गेलं?”

“मी चौथ्या मोहिमेवर होतो.”

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग उलगडा झाला. दादा रोज सकाळी क्लास झाडून घ्यायला लवकर खाली यायचे, तो निम्मा वेळ झाडू कोपऱ्यात उभा असायचा. जतन केलेल्या खेळांच्या यादीत ‘डी’ नावाच्या लढाया अक्कांनी बघितल्या होत्या, पण त्या शौनकच्या असतील असं त्यांना वाटलं होतं.

“आनि ही पाटी?” अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“ती विद्यार्थ्यांसाठी आहे,” दादा म्हणाले, आणि मग तेही हसले. “ते डोंगरावरचं कसं काढलंस तू? माझी माणसं दर वेळी पहारेकऱ्याला सापडतात.”

“रातच्याला गस्त बदलती तवा जायचं. सकाळच्या पारी मला उठवा, दावती.”

शौनकला फोन केला. तो म्हणाला, सीडी पुण्याहून मागवावी लागेल, वेळ लागेल. जून उजाडला, शाळा सुरू झाली, आबा कुंडलला परत जायला निघाले. बायकांना धीर निघेना. आबा तर म्हणाले, “शेवट कळल्याबिगर मी गावाकडं कोणत्या तोंडानं जाऊ?”

तेव्हा आबांच्या निघायच्या आदल्या दिवशी अक्का गच्चीवर सगळ्यांच्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, “ऐका. मी सांगती शेवट.”

त्या शेवटात आदिकराव राजधानीला वेढा घालतो, पण भिंतीवर एकही माणूस चढवत नाही. तो गावोगाव निरोप धाडतो. शेतकरी राजधानीला धान्य द्यायचं बंद करतात, लाकूडतोडे लाकूड. वाड्यातल्या चुली थंड पडतात. आतली स्वैपाकीणच शेवटी मागचा दरवाजा उघडते. हळद्या रिकाम्या ताटासमोर बसलेला सापडतो. त्याला काय शिक्षा द्यायची यावर गच्चीवर बराच वाद झाला. फाशी नको, असं आबांचं म्हणणं. बनुबाईंनी शेणी थापायला लावा म्हटलं. शेवटी ठरलं, की हळद्याला त्या नदीच्या उतारावर नाव वल्हवायला बसवायचं, आणि येईल त्या गावकऱ्याला हात देऊन उतरवून घ्यायचं. तीन तिरंदाजांना नदीकाठी जमीन मिळाली. आबांनी ती जमीन काळी आणि पाणथळ नसलेली असावी अशी अट घातली. अक्कांनी ती मान्य केली.

आबा समाधानानं कुंडलला गेले.

नव्या सीड्या आल्या त्या पावसाळा लागल्यावर, एक अक्कांना आणि एक दादांना. खऱ्या शेवटच्या मोहिमेनं अक्कांना अनेक दुपारी झुंजवलं. तिथं कुणी स्वैपाकीण दार उघडणार नव्हती. तटावर तोफा होत्या आणि प्रधानाकडं सोनं उदंड. आता दादा दुपारी झोपत नव्हते. ते शेजारच्या कॉम्प्युटरवर आपली सहावी मोहीम लढायचे आणि मधेच विचारायचे, “दगड संपल्यावर काय करतेस?” अक्का उत्तर द्यायच्या, पण पुढची गोष्ट फुटू द्यायच्या नाहीत.

ज्या दुपारी तट पडला त्या दुपारी सगळ्या बायका आल्या होत्या. “मला शेवट सांगू नका!” असं ओरडून दादा दोन्ही कानांत बोटं घालून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पडद्यावर बुरूज कोसळला, हळद्या त्यातच जळाला, आदिकरावाच्या डोक्यावर मुकुट चढला, घंटा वाजल्या आणि काळ्या पडद्यावर खालून वर पांढरी नावं सरकायला लागली.

“ही नावं कुनाची?” बनुबाईंनी विचारलं.

“ज्यांनी हा खेळ बनवला त्यांची,” मी म्हटलं.

“आनि तिरंदाजांची जमीन?”

“त्याचं काही दाखवलं नाही.”

बनुबाई बराच वेळ ती नावं बघत राहिल्या. “एवढी माणसं लागली आनि शेवट जमला न्हाई. मालेचाच खरा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी भाकरी थापताना अक्का गुणगुणत होत्या. मी विचारलं, “अक्का, मग वाईट वाटलं का, शेवट असा निघाला म्हणून?” तर म्हणाल्या, “छ्या! इथवर कुनी आनून सोडलं मला? त्यांनीच की. लय झ्याक वाट हुती.”

पुढं दुपारचा क्लास बायकांसाठी रीतसर सुरू झाला. माऊस धरायची कुणालाच भीती राहिली नव्हती. बनुबाईंनी मात्र सीडीला हात लावायचा नाही असं स्वतःच ठरवून घेतलं होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी क्लासच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा फेटा, काखेत गुळाची ढेप. मीच पुढं झाले.

“मी जोतिबा. कुंडलचा, नाथाजीचा दोस्त,” ते म्हणाले. “दवाखान्यात पुतन्याला बघाय आलो हुतो. नाथाजी पारावर बसून समद्यास्नी आदिकरावाची गोष्ट सांगतो. तीन येळा ऐकली मी. ते राज्य हितंच हाय न्हवं?”

दादा विद्यार्थ्यांना शिकवत होते. त्यांनी एकदा विद्यार्थ्यांकडं, एकदा जोतिबांकडं पाहिलं आणि अक्कांना हाक मारली. अक्का पिठाच्या हातांनी खाली आल्या, गुळाची ढेप घेतली, हात धुतले आणि रंगीत पडद्यासमोरची खुर्ची ओढून जोतिबांना बसवलं. माऊसवर त्यांचा हात ठेवला. जळता राजवाडा दिसला, पोरगा घोड्यावरून पळाला, आणि मग झाडीत एक छोटंसं गाव उमटलं. चावडीसमोर एक गडी कुऱ्हाड घेऊन उभा होता.

“आता ह्याला काम सांगा, काका,” अक्का म्हणाल्या. “लाकूड तोडाय लावू?”

जोतिबांनी वाकून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या गड्याला न्याहाळलं.

“थांब की जरा. त्यो जेवलाय का आधी?”